तिसरी खाच

सुखदेव, आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होते. तुझ्या कार्ड रीडरवर नाव टाकून आणलं ते मी. चिखलीच्या भांड्यांच्या दुकानातून, आठ वर्षांपूर्वी.

तुला हे माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत नाही. कार्ड रीडर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. एका टोकाला वायरचं शेपूट, ते कॉम्प्युटरमध्ये खुपसायचं. डबीच्या अंगाला चार खाचा. कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड त्या खाचेत सरकवलं की फोटो कॉम्प्युटरवर दिसतात. तुझी डबी पातळ पत्र्याची होती, चकचकीत. तू शिकवायचास त्या शाळेतले मास्तर ती मागून न्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. दोनदा तू ती शोधत उंद्रीभर फिरलास. माझ्याच्यानं ते पाहवेना. लग्नाकार्याला भांडी देण्याघेण्यात माझी उमर गेली. ज्या भांड्यावर नाव नाही ते भांडं आपलं नाही, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मग काय, कुकरची रिंग आणायला गेले तेव्हा तुला न विचारता डबी पिशवीत टाकली आणि नेली.

दुकानात लाइट गेलेली. नाव टाकायचं मशीन बंद. म्हातारा दुकानदार म्हणाला, छिन्नीनं ठोकून देतो, पण जागा लहान आहे, 'सप्रेम भेट' बसणार नाही. मी म्हटलं नुसतं 'सुखदेव' टाका, खाली 'उंद्री'. त्यानं डबी लोखंडावर ठेवली, अंगठ्यानं दाबली आणि छोट्या हातोडीनं टिंब टिंब ठोकत गेला. मी काउंटरवर वाकून देखरेख करत होते. 'ख नीट काढा,' असंही सांगितलं. तेव्हा चौसष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली, रजिस्टरात कधी खाडाखोड नाही, आणि अक्कल एवढी.

संध्याकाळी डबी तुझ्या हातात दिली. तू ती दोनदा उलटीपालटी केलीस. तोंड उघडलंस, मिटलंस. मग म्हणालास, अक्षर छान आलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तू जन्मात कुणाच्या अक्षराला छान म्हटलेलं नाहीस.

तू गेल्याला आज बारा दिवस झाले. कसा गेलास, किती वाजता, ते मी लिहिणार नाही. ज्यांना हवं होतं त्यांनी चौकातला फलक वाचला. मला रडू आलेलं नाही. परवा पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात तुझ्याबद्दल बरेच जण बोलले. चांगलं बोलले. ते ज्याच्याबद्दल बोलत होते तो बशीत चहा सांडत नसावा असं वाटलं. मी मागे स्वयंपाकाच्या बायकांत बसून लसूण सोलत होते. सोललेल्या पाकळ्या पुन्हा हातात घेऊन सोलायला लागले, तेव्हा एकीनं परात माझ्यापुढून उचलली. परात गेली तिकडे बघत राहिले.

डोळे कोरडे आहेत, हात चालतात, भूक लागते. काल भाकर जास्त खाल्ली गेली. हे सगळं तुला सांगायला काही वाटत नाही, कारण तू मला नवरीपणापासून पाहिलेलं आहेस. मी अठरा वर्षांची या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांचा शेंबडा होतास आणि माझ्या पदरावर झोपायचास. वैनीच्या पदराला तुझ्या शेंबडाचा कडकपणा असायचा. परवाच्या भाषणांत हे कुणी सांगितलं नाही.

आता त्या फोटोचं लिहायला हवं, त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही.

तुझ्या दादाबरोबर माझा एकही फोटो नाही. लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती, हे एक. पण खरं कारण मी. पहिल्याच वर्षी जत्रेत डोंगर-तळं रंगवलेला पडदा लावून एक जण फोटो काढत होता. हे जाऊन पडद्यापुढे उभे राहिले आणि मला हाक मारली. मी जी पळाले ती थेट बांगड्यांच्या दुकानात. काय ती लाज. जसं काही नवऱ्याशेजारी फोटो काढला तर उद्या गावात पोळा थांबणार होता. पुढे लाज गेली, पण सवय राहिली. कॅमेरा दिसला की बाजूला व्हायचं, पदर ओढायचा, कुणाचं तरी लेकरू उचलून त्याच्यामागे दडायचं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं मिळून एका फोटोत आहोत. त्यातही माझं फक्त कोपर आहे.

मग ती जयंती आली, यांच्या आयुष्यातली शेवटची. तेव्हा शेवटची म्हणून कुणाला ठाऊक होतं. मिरवणूक आपल्या गल्लीत आलेली, यांच्या डोक्याला निळा फेटा, गुडघा सुजलेला. तू कॅमेरा घेऊन गल्लीच्या तोंडाशीच आडवा उभा राहिलास आणि म्हणालास, वैनी, आज पळाले रस्ता नाही. मी पाहिलं, खरंच नव्हता. एकीकडे तू, दुसरीकडे ढोलताशा. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तरी पळू नको, मांगं धावाले दम लागते मले." मला हसू आलं. तोंडावर हात न ठेवता हसले. आणि तू बटण दाबलंस.

तो फोटो मी पाहिलेला नाही. तू कॅमेऱ्याच्या मागच्या बारक्या काचेत दाखवत होतास, पण माझा चष्मा घरात होता. म्हटलं, मोठा करून दाखवजो. कार्ड तू रीडरमध्ये घालून ठेवलंस, सवडीनं कॉम्प्युटरवर घेईन म्हणून. त्यानंतर शाळेच्या परीक्षा, मग निकाल. पोळ्याच्या आधी तुझे दादा गेले.

महिन्याभरानं मी फोटो मागितला. तू म्हणालास, लिनक्सला तिसरी खाच दिसत नाही.

हे लिनक्स तुझं दैवत. कॉम्प्युटर चालवायला जे लागतं, ते लोक विकत घेतात किंवा चोरून घालतात. तू शाळेनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणून त्यात हे फुकटचं लिनक्स घातलंस आणि तेव्हापासून आम्हाला प्रवचनं सुरू झाली. जगभरातल्या माणसांनी मिळून केलेलं, श्रमदानासारखं, मालक कुणी नाही, वगैरे. मी म्हणायचे, मालक नसलेलं ढोर कोनाच्याबी वावरात शिरते. तू हसायचास. तर तू मला समजावलंस, की हे जुनं लिनक्स चार खाचांच्या रीडरची पहिली खाच विचारतं आणि पुढच्या तिघींकडे न जाताच परत येतं. कॅमेऱ्याचं कार्ड बसतं तिसरीत. मला लगेच कळलं. खानेसुमारीवाला आला की पहिल्या घरात चहा पिऊन अख्ख्या आळीचं लिहून नेतो, तसं.

"तं सांग ना त्याले," मी म्हटलं, "बाकीच्या घरी बी जाय म्हनून."

"सांगून राह्यलो वैनी. ऐकत नाही."

चिखलीला फोटो स्टुडिओत नेऊ म्हटलं, तर म्हणालास दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात व्हायरस असतात, फोटो पुसले जातील. कार्ड परत कॅमेऱ्यात घाल म्हटलं, तर म्हणालास कॅमेरा आधी कार्ड कोरं करून घेतो. कार्ड सुखरूप आहे, फोटो आत आहे, फक्त दिसत नाही. माझं लिनक्स एक दिवस वाचील. धीर धर.

मी धीर धरला नाही, तोंड धरलं नाही. आठ वर्षं तुला बोलले. लग्नात, बारशात, विहाराच्या ओट्यावर, तुझ्या शाळेतल्या मास्तरांसमोर. ह्याच्या फुकट्या मशीननं माझा नवरा गिळला म्हणून सांगायचे. शिकला एवढा, पण चार खाचा मोजता येत नाहीत. तू मान खाली घालून ऐकायचास, कधी म्हणायचास, हाव वैनी, चूक झाली. एकदा तुझ्या शाळेतला एक नवा मास्तर लिनक्सची बाजू घ्यायला लागला, की हे तर एका ओळीचं काम आहे सर. तू त्याचा हात धरून त्याला पान खायला घेऊन गेलास. मला वाटलं, पोराला माझ्या तोंडापासून वाचवलं.

त्याच आठ वर्षांत तू मला त्याच कॉम्प्युटरवर बसवलंस, हेही लिहिते. दादा गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसायला लागले होते. कुणी जपमाळ आणली, कुणी नातवंडांकडे पुण्याला जा म्हणालं. तू काही म्हणाला नाहीस. माझी खुर्ची उचललीस आणि की-बोर्डापुढे ठेवलीस. काळी खिडकी कशी उघडायची, तिच्यात आज्ञा कशी लिहायची, सगळं एका वहीत मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवून दिलंस. पहिल्या दिवशी पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना. मला वाटलं बटणं मेली, म्हणून मी ती जोरानं दाबायला लागले. तू म्हणालास, वैनी, पोळपाट नाही तो. अक्षरं दिसत नसतात, पण पोचतात. आंधळ्यासारखं लिहायचं आणि विश्वास ठेवायचा. मी म्हटलं, असा विश्वास मी तुझ्या दादावरही ठेवला नाही.

काल दुपारी तुझी बायको रत्ना ग्रामपंचायतीत दाखला आणायला गेली. तुझ्या टेबलाचे खण पुसून ठेवा, एवढंच मला सांगून गेली. दुसऱ्या खणात फोटोच्या जुन्या रोलची काळी डबी मिळाली. वर कागदाची पट्टी, तुझं अक्षर: वैनी. आत ते कार्ड.

मी म्हटलं, आता तू आडवा यायला नाहीस. बघतेच तुझं लिनक्स कसं वाचत नाही ते. बारा दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते काय तर राग.

कॉम्प्युटर चालू केला. पंखा घरघरला. चष्मा पुसला, वही उघडली, रीडर खोचला. काळ्या खिडकीत आज्ञा लिहिली, की मशीनला काय काय जोडलंय त्याची यादी दे. यादीत रीडर होता. म्हणजे डबी ठीक. मग खाचांची यादी मागितली. पहिली आली. बाकी कुणी नाही. तू सांगायचास तसंच.

वहीत 'कार्ड रीडर' असं पान होतं. ते तू मला कधी शिकवलं नव्हतंस. त्यावर लिहिलं होतं, की जुन्या लिनक्सला सगळ्या खाचा बघायला लावायच्या असतील तर अमक्या फाइलमध्ये ही एक ओळ लिहावी, आणि मशीन बंद करून चालू करावं. म्हणजे उपाय तुला माहीत होता. मला वाटलं, करून पाहिला असशील, लागू पडला नसेल. आपल्याकडे उपाय असेच असतात.

ती फाइल उघडली. ओळ तिथं होतीच. अक्षरन् अक्षर वहीतल्यासारखी. फक्त तिच्या तोंडाशी ती फुली-गोळ्याची चौकट होती, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची. ती तू मला शिकवली होतीस. जिच्यापुढे ही चौकट, ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. ती माणसांसाठी असते. ओळ पुसायची नसेल, पण चालू द्यायचीही नसेल, तर चौकट लावायची. त्याखाली आणखी एक ओळ, तिलाही चौकट. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. मी ते एकेक अक्षर जोडून वाचलं.

वैनी असताना चालू करू नये.

मी उठले, पाणी प्याले. परत येऊन बसले. चौकट काढली, फाइल ठेवली, मशीन बंद करून चालू केलं. यादी मागितली. चारही खाचा आल्या, ओळीनं, पंगतीला बसल्यासारख्या.

आधी तुझ्या खणातलं दुसरंच कार्ड तिसरीत घातलं. शाळेचं स्नेहसंमेलन उघडलं, लेझीम घेतलेल्या मुली, मागे तुझा अर्धा हात. एका क्षणात उघडलं. लिनक्स वाचत होतं. आठ वर्षं वाचू शकलं असतं.

मग माझं कार्ड घातलं. काळ्या खिडकीत एकाखाली एक ओळी पडल्या, की वाचता येत नाही, वाचता येत नाही. काढलं, पदराला पुसलं, पुन्हा घातलं. तेच. मग कार्ड खिडकीशी धरलं. उजेडात एक केसाएवढा तडा दिसला, कडेपासून आतल्या सोनेरी पट्ट्यांपर्यंत गेलेला. पुन्हा ते तिसऱ्या खाचेत बसवून तडा जिथं येतो तिथं डबीवर वरून बोट ठेवलं. बोटाखाली 'ख' होता.

म्हणजे जयंतीनंतर मी पिशवीत डबी टाकली तेव्हा कार्ड आत होतं. लोखंडावर ठेवून, अंगठ्यानं दाबून, मी उभी राहून ठोकून घेतलं. नीट काढायला सांगितलं.

मला तेव्हा काय वाटलं म्हणशील तर काही नाही. कॉम्प्युटरचा पंखा चालू होता तो ऐकत होते. टेबलावर तुझ्या चहाच्या कपाची गोल खूण होती, ती फडक्यानं पुसली. पुसल्यावर लक्षात आलं की पुसायला नको होती. तेवढंच.

मग मी मनात तुझ्याशी भांडायला बसले. तुला कधी कळलं? निकालाच्या दिवसांत कळलं असेल, तर तेव्हा तुझे दादा ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी चष्मा लावून, तोंड धुऊन त्यांच्या शेजारी पुन्हा उभी राहिले असते. यात तुला मी सोडणार नाही, सुखदेव. आणि जर ते गेल्यावर कळलं असेल, मी फोटो मागितला त्याच दिवशी कळलं असेल, तर मग मी आठ वर्षं कुणाला काय बोलले, हे मला मोजायचं नाही. दोन्ही भांडणं मी तयार करून ठेवली आहेत. कुठलं करायचं ते तूच सांगू शकला असतास.

आणखी एक काल संध्याकाळपर्यंत हळूहळू कळत गेलं. ती ओळ झाकली म्हणजे तुझीही तिसरी खाच बंद झाली. म्हणून तू कॅमेरा वायरनं जोडून, तासतास वायर हातात धरून बसायचास. ती वायर सैल होती, हललं की तुटायचं. मी विचारलं होतं, असा तासतास काऊन बसतो बे? तू म्हणालास, सवय. ज्या लिनक्सवर तू स्टाफरूममध्ये कुणाचा शब्द ऐकून घेत नव्हतास, त्याला तू आपल्याच अंगणात ढोर म्हणवून घेतलंस. खोटं बोलणं तुला येत नव्हतं, म्हणून मशीनला बोलायला लावलंस.

रत्ना आली तेव्हा मी तशीच बसलेली होते. ती दारात थांबली. पडद्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. मी म्हटलं, रत्ना, हे म्या फोडलं. त्याचं मशीन चांगलं होतं.

तिनं पिशवी खाली ठेवली, दाखला काढून टेबलावर सरळ करून ठेवला. म्हणाली, माहीत आहे. मी विचारलं, मग आठ वर्षांत दोघांपैकी एकानंही मला का सांगितलं नाही? मी त्याला भर पंगतीत बोलत होते, तू वाढत होतीस, तुला राग येत नव्हता? ती खाटेवर बसली. पायातल्या जोडव्याशी चाळा करत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"म्या लय वेळा म्हटलं त्यायले, सांगून टाका, जाऊबाई उगाच रागावते तुमाले. तं म्हनत, नोको. दादा गेल्यावर मले रागावनारी एक वैनीच राह्यली. तिले हे कळलं तं तेबी बंद होईन. बाकी सारं गाव मले सर म्हनते."